गोट्यावरचे बाण

आमच्या घरात एक खोली रिकामी होती, म्हणून ती आमच्याकडे आली. आमगावहून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. गावात लॉज नाही, आणि तिला महिनाभर राहायचं होतं. सरपंचांनी तिला थेट आमच्या अंगणात आणून उभं केलं. "ह्या पुण्याच्या मॅडम होत. दगडायचा अभ्यास करतेत. तुमच्या घरी शिकलेली बाई आहे, म्हणून तुमच्याकडं आणलो."

शिकलेली बाई म्हणजे मी. मी हायस्कुलात भूगोल शिकवते. नवरा गोंदियाला नोकरीला, शनिवारी घरी येतो. बाकीचे दिवस घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते.

मामाजींनी तिच्या पाठीवरची पिशवी, कमरेला लटकवलेला हातोडा आणि चिखलाने माखलेले बूट नीट पाहून घेतले. तिला खोली दिली, चहा दिला. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "दगड पाहाले कोनी पुण्याहून येते का? पुण्यात का दगड नाईत?"

"अभ्यास असतो मामाजी."

"असन. पन तू ध्यान ठेव तिच्यावर."

त्यांच्या संशयाला कारण होतं. काही वर्षांपूर्वी दोन माणसं अशीच आली होती. आमच्या धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, लाल रंगाच्या खुणा करून गेली. काय करून राहिले म्हणून विचारलं तर म्हणाली, नुसतं मोजून राहिलो. पुढे त्याच खुणांवरून कालवा गेला आणि आमच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्याच्यात गेल्या. मोबदला मिळाला, सगळं रीतीप्रमाणे झालं. मामाजींना राग बांध्यांचा नव्हता. 'नुसतं मोजून राहिलो' या वाक्याचा होता.

तेव्हा धानाची कापणी-मळणी आटोपली होती आणि बांध्यांत लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं. ती बाई सकाळी भाकर आणि पाण्याची बाटली घेऊन निघायची आणि ऊन उतरल्यावर परत यायची. पहिल्या आठवड्यात ती आसपासच्या नाल्यांतून फिरली. मग आमच्याच शेतात येऊन थांबली.

आमच्या शेताच्या मधोमध दगडाचा एक मोठा फुगवटा आहे. चार बैलगाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतील एवढा रुंद, माणसाच्या छातीइतका उंच, वरून गुळगुळीत. गाव त्याला मोठा गोटा म्हणतं. मळणीनंतर आम्ही त्याच्यावर धान वाळवतो, मार्चमध्ये मोहफुलं पसरतो. त्याच्यावर काळे-पांढरे पट्टे आहेत, ते लहानपणी सगळ्या पोरांनी बोटांनी गिरवलेले. त्यात पाहण्यासारखं आणखी काही असेल असं कोणाला कधी वाटलं नव्हतं.

ती मात्र त्या गोट्यावर सबंध दिवस बसू लागली. पाण्याने दगड ओला करायची, डोळ्याला भिंग लावून पालथी पडून पाहायची. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढायची. दगडावर होकायंत्र ठेवून वहीत आकडे लिहायची. एकदा तिने दगडाला जीभ लावली, हे मी स्वतः पाहिलं. मामाजींना ते सांगितल्यावर त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाले, "खारट लागते का आंबट, हे पाहून राहिली असन. त्याच्यावरून समजते खाली का आहे थे."

एका सकाळी तिने मला विचारलं, "ताई, ही जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे?"

"कशाला?" मी विचारलं.

"दगडाचे नमुने घ्यायचे तर मालकाची परवानगी हवी ना."

मामाजींनी परवानगी दिली. चार लहान दगडांना नाही म्हणायला त्यांना लाज वाटली. तिने गोट्याच्या चार कडांवरून मुठीएवढे चार तुकडे काढले. काढण्याआधी प्रत्येकावर काळ्या पेनने दोन बाण काढले, नंबर घातला, आणि मग छिन्नी लावली. ते बाण पाहून मला लाल खुणा आठवल्या.

त्याच संध्याकाळी ती अंगणात फोनवर बोलत होती. बोलणं इंग्रजीत आणि भराभर. मला सगळं समजलं नाही, पण एक शब्द तीन-चार वेळा कानावर आला. कोर. 'कोर' म्हणजे काय ते मला माहीत होतं. देवरीकडच्या जंगलात एकदा मोठी मशीन आली होती. जमिनीत खोल भोक पाडून तिने नळीसारखे लांब गोल दगड काढले आणि लाकडी पेट्यांत रचून नेले. त्या दगडांना तिथली माणसं कोर म्हणत. पुढे त्या वाटेवर कुंपण आलं आणि मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना लांबून वळसा पडू लागला. त्यातली एक माझी आतेबहीण होती.

मी मामाजींना काही सांगितलं नाही. आधी खात्री करायची ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण त्या आठवड्यात नवरा आला नव्हता. ती बसने देवरीला गेली. दुपारी मी झाडू घेऊन तिच्या खोलीत गेले. झाडू नुसता हातात होता, हे मला तेव्हाही कळत होतं. टेबलावर नकाशा उघडा होता. त्यावर आमचं गाव, बाजूची दोन गावं, नाला, रस्ता. आणि या सगळ्यांभोवती पेन्सिलने काढलेला एक मोठा लांबट गोल. गोलाच्या आत सगळीकडे बारीक बाण, बाहेरच्या दिशेने तोंड केलेले. मधोमध, आमच्या शेतावर, चार नमुन्यांचे नंबर होते आणि लाल पेनने तोच शब्द लिहिला होता. कोर.

 मग मी जे केलं ते मला आजही पूर्ण समजावून सांगता येत नाही. कोपऱ्यातल्या पोत्यात कापडी पिशव्या होत्या. त्यांतल्या आमच्या गोट्याच्या चार पिशव्या नंबर पाहून काढल्या, पदराखाली घेतल्या, शेताच्या कडेच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर, गेले आणि एकेक दगड पाण्यात फेकला. रिकाम्या पिशव्या चुलीत घातल्या. मुलांना नकाशावाचन शिकवणारी बाई मी, आणि दुसऱ्याच्या नकाशाला घाबरून चोरी केली.

ती संध्याकाळी परत आली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, माझ्या पोत्यातले चार नमुने नाहीत. तुमच्या शेतातलेच नेमके."

मी पीठ मळत होते. वर पाहिलं नाही. ती तशीच उभी राहिली. तिची नजर मला पाठीवर जाणवत होती. तेवढ्यात ओसरीवरून मामाजींचा आवाज आला.

"मी फेकलो."

ती वळली. "काय?"

"माझ्या वावरातले गोटे होते, मी फेकलो बोडीत. तुम्हाले का करायचं थे करा."

"काका, तुम्हीच तर परवानगी दिली होती!"

"दिलो होतो. मंग मन बदललं माह्यं."

ती खोलीत गेली आणि सामान आवरू लागली, तो आवाज मला ऐकू येत होता. मी मामाजींकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "पोळ्या कर तू."

त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. बोडीच्या पाळीवर आमच्या घरच्यांशिवाय कोण जातं? त्यांनी मला येता-जाताना पाहिलं असेल. ज्या माणसाने मला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं, त्याची नजर माझ्यावर होती.

सकाळी ती जायच्या आधी शेवटचे फोटो काढायला गोट्यावर गेली. मी मागोमाग गेले. लाखोळीतून चालताना पाय ओले झाले होते. ती उकिडवी बसली होती, मला पाहून उठली नाही.

"दगड मी फेकले," मी म्हटलं. "मामाजींनी नाही."

"मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"त्या चार पिशव्यांवर गावाचं नाव नव्हतं. फक्त नंबर होते. नकाशावरचा नंबर पाहून पिशवी शोधणारा माणूस या घरात एकच आहे." तिच्या आवाजात राग होता, पण तो तिने दाबून धरला होता. "का केलंत?"

मी सांगितलं. कालवा, देवरीकडची मशीन, कुंपण, फोनवरचा शब्द, नकाशावरचा शब्द. ती ऐकत गेली. शेवटी तिने कपाळाला हात लावला.

"अहो, कोर म्हणजे गाभा. घुमटाचा गाभा. तुमचं शेत एका घुमटाच्या गाभ्यात आहे."

"इथे कुठला घुमट? सगळं सपाट आहे."

"आता सपाट आहे," ती म्हणाली आणि मला गोट्याच्या पूर्वेकडच्या कडेला घेऊन गेली. "हे पट्टे कोणीकडे उतरतात?"

"पूर्वेकडे."

मग पश्चिमेच्या कडेला. तिथले पट्टे पश्चिमेकडे उतरत होते. उत्तरेचे उत्तरेकडे, दक्षिणेचे दक्षिणेकडे. मी तीस वर्षं या दगडावर धान पसरत आले, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"नाल्यात, शेजारच्या गावात, सगळीकडे असंच आहे. मधून बाहेर उतरणारं. नकाशावरचे बाण तेच आहेत," ती म्हणाली. "इथे फार फार पूर्वी पर्वत होता. मोठा. पर्वत जसजसा वर चढतो तसतसा खालीही जाड होतो. त्या ओझ्याखाली खोलवरचा दगड तापतो, मऊ पडतो, थोडासा वितळतोही. मऊ झाला की ओझ्याखालून तो बाजूला सरकू लागतो आणि जिथे वाट मिळेल तिथे फुगून वर येतो. हा त्याचाच घुमट."

"आणि वरचा पर्वत?"

"खालून दगड सरकला की पर्वत पसरतो, बसतो. वरून पाऊस-वारा झिजवत राहतात. जसजसं वरून झिजतं तसतसं खालून उचललं जातं. शेवटी पर्वत संपतो आणि त्याचं मूळ तुमच्या बांधीत उघडं पडतं."

माझा विश्वास बसला नाही. वर्गात मी सांगत आले होते की दोन बाजूंनी दाब आला की जमिनीला घड्या पडतात आणि पर्वत तयार होतो. पर्वताचं भवितव्य त्याच्या खालचा मऊ दगड ठरवतो, असं पुस्तकात नव्हतं. आणि शेत बळकावायला आलेल्या माणसालाही अशी सुंदर गोष्ट रचता आली असती.

"याला पुरावा काय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तोच तर तुम्ही बोडीत टाकलात."

ती गेली नाही. मला म्हणाली, नमुने पुन्हा घ्यावे लागतील आणि या वेळी तुम्ही सोबत यायचं. माफी मागितल्यावर तिने 'असू द्या' म्हटलं नाही, ते मला बरं वाटलं. चार दिवस शाळा सुटल्यावर मी थेट शेतात जात होते. बाण कशासाठी ते तेव्हा समजलं. एक बाण उत्तरेचा, एक वरचा. दगडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की त्यातले कण कोणत्या दिशेला ताणले गेले ते दिसतं. पण तो दगड जमिनीत कसा होता हे ठाऊक नसेल तर ती चकती निरुपयोगी. बोडीतले दगड शोधून काढले असते तरी पेनच्या खुणा टिकल्या असत्या की नाही, याची तिला खात्री नव्हती.

तिला शोधायचं होतं ते असं. घुमट हलका होऊन आपोआप वर आला असेल तर नुसते पट्टेच नव्हे, ताणलेल्या कणांच्या बारीक रेघाही मधून चहूबाजूंना उतरलेल्या दिसायला हव्यात. पण खोलवरचा दगड आधी एकाच दिशेने वाहत गेला असेल आणि मागाहून फुगला असेल, तर घुमटाच्या दोन्ही अंगांना रेघा एकाच दिशेच्या दिसतील. तिचं म्हणणं पहिलं होतं. त्याच्यावर तिने बरंच लिहूनही ठेवलं होतं.

त्या शनिवारी नवरा आला म्हणून मी लंबी रोटी केली. पातळ पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. ती दारात उभी राहून पाहत होती.

"पीठ मडक्याच्या माथ्यावर सगळ्यात पातळ होतं," ती म्हणाली. "कडेला जाड राहतं. दगडाचंही तसंच."

ओसरीवरून मामाजींनी विचारलं, "मंग दगड फाटत नाई का?"

"वरचा थंड दगड फाटतो, काका. तडे जातात, भूकंप होतो. खोलवरचा गरम दगड फाटत नाही. ताणला जातो. फार हळू."

"कोन पाह्यलं?"

"कोणी नाही."

"हं," मामाजी म्हणाले आणि रोटीचा तुकडा मोडला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आमचे पूर्वज माळव्यातून इथं आले थे सपाट जमीन पाहून. पहाड असता त आले नसते."

यावर ती पहिल्यांदा आमच्या घरात मोकळेपणाने हसली.

तिच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी भांडण झालं. पश्चिमेच्या कडेवर मी होकायंत्र धरलं आणि रेघेची दिशा वाचली. तिने वही पाहिली. जुना आकडा बराच वेगळा होता.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तेच आलं. तिने यंत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, आणि तिचा आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशी जुळला.

"तुम्ही इथला दगड हलवला का?" तिने विचारलं.

"हा गोटा मी हलवू?" मला राग आला. "एकदा चोरी केली म्हणून रोजच करीन का?"

 आम्ही दोघींनी आळीपाळीने तीनदा वाचलं. माझा आकडा वेगळा, तिचा वेगळा. चौथ्यांदा ती वाकली तेव्हा मला दिसलं की तिच्या शर्टाच्या खिशातला फोन होकायंत्राच्या अगदी जवळ येतो. फोनच्या कव्हराला चुंबकाचं बटण होतं, टप्पकन बंद होणारं.

"मॅडम, फोन बाजूला ठेवा," मी म्हटलं.

तिने फोन काढून लांब लाखोळीत ठेवला. सुई सरकली आणि माझ्या आकड्यावर येऊन थांबली.

ती गोट्यावर बसूनच राहिली. वहीची पानं मागे-मागे उलटत गेली. ते कव्हर तिने इथे येताना घेतलं होतं, म्हणजे महिन्याभराचे कितीतरी आकडे संशयाचे झाले. पुढचे नऊ दिवस ती जास्तीची राहिली आणि नाल्यापासून सगळ्या जागा पुन्हा मोजल्या, नमुन्यांवरचे उत्तरेचे बाणही दुरुस्त केले. मला एकदा म्हणाली, "याचा अर्थ तुम्ही दगड फेकले ते बरं केलं असा नाही."

"मी तसं म्हटलंच नाही," मी म्हटलं.

जायच्या आदल्या दिवशी मामाजींनी तिला समोर बसवलं. "मॅडम, एक गोष्ट खरी सांगा. तुम्ही काई काढून नेनार नाई, हे मानलो मी. पन तुमचा नकाशा छापला जाईन का?"

"छापला जाईल."

"त्याच्यात आमचं वावर दिसन?"

"जागा द्यावी लागते, काका. नाहीतर दुसरा कोणी तपासू कसा शकेल? उद्या माझ्यावर कोणी संशय घेतला तर त्याने इथे येऊन स्वतः मोजलं पाहिजे."

"आन दुसऱ्याच कामासाठी कोनी आला त? तुमचा नकाशा हाती घेऊन?"

 मला वाटलं आता ती नाही म्हणेल, गोड काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "तसं होणार नाही असं मी वचन देऊ शकत नाही. इथे खणून काढण्यासारखं मला काही दिसलं नाही, हे मात्र लिहीन."

मामाजींनी मान हलवली. त्यांना उत्तर आवडलं नव्हतं, पण उत्तर देणारी आवडली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिची पोती ते स्वतः सायकलवर लादून रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. बस आल्यावर कंडक्टर दगड घ्यायला तयार नव्हता. "इसमें क्या है? काऊन एवढं वजन?" म्हणून तो विचारू लागला. मामाजींनी त्याला दटावलं, "पहाडाचं मूळ आहे. ठेव अंदर."

पुढच्या वर्षी तिचा फोन आला. चकत्या पाहून झाल्या होत्या. रेघा दोन्ही अंगांना एकाच दिशेच्या निघाल्या. खोलवरचा दगड आधी लांबवर वाहत गेला होता, घुमट मागाहून झाला. "तुमच्या गोट्याने माझं पहिलं म्हणणं खोडून काढलं," ती म्हणाली. आवाजात खंत होती की आनंद, मला सांगता येणार नाही. मी विचारलं, आताचं म्हणणं तरी खरं आहे का? ती म्हणाली, "सध्या तरी कोणी खोडलेलं नाही."

छापील नकाशा टपालाने आला. मामाजींनी चष्मा लावून आपलं शेत विचारलं. मी बोट ठेवलं. मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका होता. "एवढासा?" ते म्हणाले, आणि घडी घालून तो नकाशा त्यांनी सातबाऱ्याच्या कागदांत ठेवून दिला.

आता मी दरवर्षी माझा वर्ग गोट्यावर नेते. पट्टे कोणीकडे उतरतात ते मुलांना चारी बाजूंनी पाहायला लावते आणि पुस्तकातल्या घड्यांच्या पर्वताशेजारी हाही पर्वत सांगते. मला स्वतःला ते पूर्ण पटलं आहे का? बहुतेक. कधी एकटी असले की दगडावर हात ठेवते. उन्हाने तापलेला असतो, आणि हा टणक गोटा पिठासारखा वाहिला असेल यावर मन पुन्हा अडतं.

मागच्या महिन्यात एक पांढरी गाडी शेताजवळ थांबली. दोन माणसं उतरली, गोट्याकडे चालत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मामाजींनी रस्त्यावर जाऊन विचारलं तर म्हणाली, देवरीचा जवळचा रस्ता शोधून राहिलो. मामाजींनी रस्ता दाखवला. घरी येऊन मला म्हणाले, "मोटारीचा नंबर लिहून घे." मी तो आधीच लिहून घेतला होता.